रापण, तिरफळ आणि पांगारा : प्रस्तावना

भूमध्य समुद्रातल्या बेटांची सहल हा आता नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांतला नेहमीचा विषय झाला आहे. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला किंवा मुलगी युरोपात शिकायला गेली, की माल्टा, सायप्रस, क्रीट ही नावं जेवणाच्या टेबलावर येतात. तिथं जाऊन काय करायचं, याची उत्तरंही ठरलेली असतात : किनाऱ्यावर पडून राहायचं, तिथलं जेवण जेवायचं आणि येताना हातानं केलेल्या काही वस्तू आणायच्या. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. मात्र याच गोष्टींची ओढ ज्यांना आहे, त्यांनी नाशिकहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या मालवण, कुडाळ, सावंतवाडी आणि शिरोडा या पट्ट्यात किती सावकाश राहता येईल, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. इथंही बेट आहे, किनारा आहे, स्वतःची चव असलेलं स्वयंपाकघर आहे आणि काही शतकं चालत आलेली कारागिरी आहे. आणि इथल्या माणसांशी आपल्याला मराठीत बोलता येतं. प्रवासात याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही.

भूमध्य समुद्राचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. क्रोएशियात ह्वार नावाचं एक बेट आहे. तिथल्या मठातल्या बेनेडिक्टाइन जोगिणी घायपाताच्या पानांतून धागा काढतात आणि त्याची लेस विणतात. क्रोएशियाच्या या लेसकामाची नोंद युनेस्कोनं २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. पुढं २०१३ मध्ये ‘भूमध्य आहार’ या नोंदीचा विस्तार झाला, तेव्हा याच बेटाचं नाव त्यातही आलं. ती नोंद मुद्दाम वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात पाककृती जवळजवळ नाहीतच. पेरणी, कापणी, मासेमारी, साठवण, रांधणं आणि एका पंगतीला बसून जेवणं, या सगळ्याला मिळून तिथं ‘आहार’ म्हटलं आहे. ताटात पडलेला मासा ज्या जाळ्यानं धरला, ते जाळं आणि ते ओढणारी माणसं त्या आहाराचाच भाग मानली आहेत.

आपल्याकडे मात्र किनारा, जेवण आणि कारागिरी यांचे तीन वेगळे कप्पे झाले आहेत. किनारा सकाळी, थाळी दुपारी आणि परतीच्या दिवशी तासभर खेळण्यांची खरेदी. सहलीचा कार्यक्रम असाच छापला जातो, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्यांनाही तीच सवय लागते. माझं म्हणणं असं, की हे तीन कप्पे मोडले तरच हा मुलूख दिसायला लागतो. इथला समुद्र, इथलं वाटण आणि इथलं लाकूडकाम एकाच समाजाच्या हातांनी एकमेकांत गुंफलेलं आहे. आपण कुठं काय मागतो, कशासाठी पैसे मोजतो, यावर ती वीण टिकणार की उसवणार, हे बऱ्याच अंशी ठरतं. शीर्षकातले तीन शब्द त्यासाठीच निवडले आहेत.

रापणीपासून सुरुवात करतो. मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती, वेंगुर्ला या किनाऱ्यांवर पहाटे फिरायला गेलात तर दोन दोरांना लगडलेली माणसांची रांग दिसण्याची शक्यता आहे. ही रापण. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात. एक दोर आधीपासूनच किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असतो, आणि होडी फेरा घालून परत लागली की दुसराही किनाऱ्यावर येतो. मग दोन्ही बाजूंनी ओढ सुरू होते. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि जाळ्याचा घेर आवळत येतो. कधी तारली-बांगड्यांनी पाणी उसळतं, कधी हाताला फारसं काही लागत नाही. हे काम एकट्यादुकट्याचं नाही, चाळीस-पन्नास माणसं सहज लागतात. जाळ्याचे भाग वेगवेगळ्या घरांचे असतात, होडीचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. पुढं वाटपाचा हिशेब वाळूतच होतो, आणि मासळीची विक्री बहुतेक बायकांच्या हाती असते. मालवणच्या गाबीत समाजानं ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

रापण किनाऱ्यापाशी येणाऱ्या मासळीवर जगते. समुद्रात थोडं आत यंत्रांच्या बोटींनी मोठी जाळी टाकून थवेच्या थवे उचलले, तर किनाऱ्यावर दोर धरून उभ्या असलेल्यांच्या हाती रिकामं जाळं येतं. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीन जाळ्यांविरुद्धचा लढा याच साध्या कारणासाठी आहे. त्या लढ्याच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारनं २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तरी वाद मिटला आहे असं कुणी समजू नये. वाळूवर उभं राहून रापणीचा फोटो काढणाऱ्या पाहुण्याला एवढं तरी माहीत असावं, की त्याच्या समोर चाललेली गोष्ट देखावा नाही, एका वादातली जिवंत बाजू आहे. दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारावं. बहुधा नाही म्हणत नाहीत.

किल्ल्याबद्दल या पुस्तकात मी कमी लिहिलं आहे, कारण सिंधुदुर्गावर मराठीत भरपूर आणि चांगलं लिहिलं गेलं आहे. तरी ज्यांनी कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि तीनेक वर्षांत जलदुर्ग उभा राहिला. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं होतं. चारी बाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही आत आहे. गडावर आजही काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात मालवणच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या होड्या बंद असतात, तेव्हा ज्यांना बेट बघायचं आहे त्यांनी ऑक्टोबरनंतर जावं. किल्ल्याभोवतालच्या पाण्यात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळ बघायला पाण्यात उतरणाऱ्यांनी बुडी मारण्याआधी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण प्रवाळावर पाय देऊन उभं राहिलं तर ते मरतं.

आता जेवण. इथं मी थांबणार आहे, आणि वाचकांनीही थांबावं.

मालवणी जेवण म्हणजे तिखट रस्सा, अशी देशावर समजूत आहे. आपल्या नाशिकच्या काळ्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेला तिखटाचं अप्रूप नाही, त्यामुळे मालवणी थाळीत आपण नेमकं जे वेगळं आहे ते चुकवतो. वेगळं आहे ते तिरफळ. काटेरी झाडाला घोसाघोसानं येणारं हे बारीक फळ वाळवतात, आतली काळी बी टाकून देतात आणि वरची टरफलं तेवढी ठेचून रश्शात टाकतात. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट मासळीच्या वासाला तिरफळच आवर घालतं. जीभ किंचित बधिर होते आणि मागं लिंबाच्या सालीसारखा सुगंध राहतो. पापलेटला त्याची गरज नाही. म्हणजे तिरफळ हा गरिबाच्या, रोजच्या, रापणीत येणाऱ्या मासळीचा मसाला आहे. जो पाहुणा फक्त सुरमई आणि पापलेट मागतो, त्याच्या ताटात मालवणचं हे सगळ्यात मालवणी पान येतच नाही.

हॉटेलातल्या मागणीचा परिणाम दूरवर जातो. वर्षभर, रोज, प्रत्येक टेबलावर सुरमईची तुकडी हवी असेल तर ती किनाऱ्यावरच्या रापणीतून येणार नाही. ती मोठ्या बोटींच्या बर्फातून येणार, प्रसंगी दुसऱ्या बंदरातून येणार. बांगड्याचं तिरफळ घातलेलं सांबारं किंवा तारलीचं तिखलं मागितलं, तर पहाटे दोर ओढणाऱ्यांच्या घरात त्यातले पैसे पोचण्याची शक्यता वाढते. ‘आज काय आलंय?’ हा प्रश्न मेनूकार्ड उघडण्याआधी विचारावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या मासळीचा आग्रह धरण्यापेक्षा सुक्या बांगड्याची किसमूर, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात मागावा. समुद्राला सुट्टी असते तेव्हा इथली घरं हेच जेवतात.

नाशिकहून जाणाऱ्यांत शाकाहारी मंडळी बरीच असतात, आणि कोकणात आपली उपासमार होईल या धास्तीनं ती फरसाणाच्या पिशव्या घेऊन निघतात. त्यांच्यासाठी एक संपूर्ण प्रकरण आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, मार्च-एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, सकाळी घावणे किंवा आंबोळ्या. गुळाच्या नारळरसात भिजलेले शिरवाळे तर एकदा खावेतच. तांदळाच्या उकडीचे गोळे लाकडी साच्यात घालून दाबले की शेवया पडतात. दाबायला अंगात जोर लागतो आणि साचा सुताराच्या हातचा लागतो. कारागिरीचं प्रकरण कुठं संपतं आणि स्वयंपाकाचं कुठं सुरू होतं, ते अशा ठिकाणी सांगता येत नाही.

सोलकढीबद्दलही दोन शब्द. रातांबे उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात. त्यांची सालं मीठ लावून, त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवली की सोलं तयार होतात. पाऊस लवकर आला तर हे काम बिघडतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे आणि तिथून निघालेल्या काजूच्या जाती कोकणभर लागल्या. नाशिकच्या द्राक्षालाही असंच मानांकन आहे, तेव्हा अवकाळी पावसानं तोंडाशी आलेलं पीक जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाटलीतल्या गुलाबी सरबतापेक्षा घरी वाळवलेली सोलं विकत घ्या. आमटीत टाका, कढी करा, वर्षभर टिकतात.

मिठाचं नाव निघालं म्हणून शिरोड्याचा उल्लेख इथंच करतो. तिथली मिठागरं रस्त्यावरून दिसतात. मे १९३० मध्ये याच गावी मिठाचा सत्याग्रह झाला. त्या काळात गावच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते, १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांमुळे मिळालं आणि दुसरं आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांमुळे. नाशिककरानं शिरोड्याला जायला हे एक कारण पुरेसं आहे. किनाऱ्यालगतची सुरूची बनं ही वरची कमाई.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे आणि जवळच चितार आळी. आळीतली दुकानं लाकडी फळांनी भरलेली असतात : केळी, आंबे, सीताफळं, रंगानं खऱ्याच्या इतकी जवळ, की लहान मुलं तोंडात घालायला बघतात. ही परंपरा चितारी समाजाची. लाकूड मुख्यतः पांगाऱ्याचं, कारण ते हलकं, मऊ आणि कोरायला सोपं. आंब्याचंही वापरतात. पांगारा म्हणजे वसंतात पानं झडून लालभडक फुलणारा, कुंपणाला लावलेला, मिरीचे वेल अंगावर चढवून घेणारा झाड-गडी. तोच पुढं भातुकलीतलं जातं होतो, पोळपाट होतो, देवासमोरचा पाट होतो. प्लास्टिकच्या खेळण्यांनी जो मार या आळीला दिला, तो सगळ्यांना दिसतो. तितका न दिसणारा मार गिऱ्हाइकाच्या सवयीचा आहे. सगळे फळांचा एकच संच मागतात, म्हणून तोच होतो, आणि चितारी हातांना येणारं बाकीचं काम विसरायला होतं.

याउलट घडलेली गोष्ट गंजिफाची. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात : दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याची खूण मासा, परशुरामाची परशू. दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या रंगानं सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाच्या, असा संकेत आहे. छापील पत्ते आले आणि ही कला जवळजवळ संपली. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती उचलून धरली. चितारी घराण्यातल्या जाणत्या कलावंताकडून शिकून घेतलं, राजवाड्यातच काम सुरू केलं, तरुण मुलामुलींना हाताशी धरलं. आजही राजवाड्याच्या दरबारात मांडी घालून बसलेले कलाकार बारीक कुंचल्यानं पत्ते रंगवताना दिसतात. त्यांच्या शेजारी थोडा वेळ शांत बसा. एका पत्त्यावर एकाच रंगाचा हात फिरतो, तो वाळेपर्यंत दुसरा पत्ता, मग परत पहिला. हे पाहिल्यावर संचाची किंमत जास्त वाटत नाही आणि घासाघीस करावीशी वाटत नाही.

हेच दहा अवतार इथल्या देवळांपुढं माणसांच्या रूपात उभे राहतात. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटकं चालतात. लिहिलेली संहिता नसते, नट जागच्या जागी संवाद रचतात, आणि स्त्रीपात्रं परंपरेनं पुरुषच करतात. सुरगाणा, पेठ, मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलेल्या वाचकाला मुखवट्यांशिवायचा हा खेळ परका वाटणार नाही. देवाचं सोंग, गावाची रात्र आणि उजाडेपर्यंत न हलणारी माणसं दोन्हीकडे सारखीच. जत्रेतून घरी नेतात ते मालवणी खाजं : बेसनाच्या कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा पाक. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. गुरांच्या गोठ्याच्या जागी उभं केलेलं त्यांचं छोटं संग्रहालय बघायला अर्धा दिवस राखून ठेवा, आणि खेळ बघायचा असेल तर आधी कळवून जा.

हे सगळं नाशिकच्या वाचकाला सांगताना मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. आपण स्वतः पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान आहोत. रामकुंडावर रोज पाहुणे असतात, आणि सिंहस्थात तर गावच पाहुण्यांचं होतं. २०२७चा सिंहस्थ आता तोंडावर आला आहे. पाहुण्यांच्या सोयीसाठी गोदेच्या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं, तेव्हा जुनी कुंडं त्याखाली गेली. ती मोकळी व्हावीत म्हणून नाशिककरांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. जुन्या नाशकात तांब्यावर ठोके घालणाऱ्या तांबटांची घरं किती उरली, हेही आपण बघतो आहोत. स्पेनच्या मायोर्का बेटावरचे हजारो रहिवासी २०२४ साली पर्यटकांच्या लोंढ्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, ते घरं परवडेनाशी झाली म्हणून. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, आणि ती पट्टी लाटा खात आहेत. तिथं आणखी किती खोल्या बांधायच्या, हा प्रश्न तिथल्या लोकांचा आहे. पण खोली मागणारे आपण आहोत. गोदाकाठचा माणूस हे समजू शकतो, म्हणून हे पुस्तक आधी त्याच्या हाती द्यावंसं वाटलं.

कधी जावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नाताळ आणि त्यानंतरचा आठवडा टाळावा. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात नारळ अर्पण करतात आणि नारळ लढवण्याचा खेळ रंगतो, तो बघायला पावसात जावं, मात्र तेव्हा समुद्रात उतरायचं मनातही आणू नये. जत्रा आणि नाटकांसाठी डिसेंबर-जानेवारी, काजूगरांसाठी मार्च, रातांब्यांसाठी मे. राहायला शक्यतो घरगुती न्याहारी-निवास निवडावा, म्हणजे स्वयंपाकघराचा दरवाजा उघडा सापडतो.

पुढच्या पानांत पहिलं प्रकरण रापणीचं आहे, मग स्वयंपाकघराचं, आणि चितार आळी सगळ्यात शेवटी. हा क्रम समुद्राकडून आत येणाऱ्याचा आहे. नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसून कोकण रेल्वेनं जाणाऱ्यांना, किंवा कोल्हापूरमार्गे फोंडाघाट उतरून कणकवलीवरून मालवण गाठणाऱ्यांना तो सोयीचा पडेल. आंबोली घाटानं उतरणारे आधी सावंतवाडीत पोचतात. त्यांनी शेवटचं प्रकरण पहिलं वाचावं, राजवाड्याच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि मग किनाऱ्याकडे निघावं.